हेब्बाळच्या पुढे उकळणारी गाडी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "गुंडोजीराव, तुम्ही पस्तीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्यात. एखादी अवघड दुरुस्ती लिहून द्या." मी म्हणालो, अवघड दुरुस्त्या पुष्कळ केल्या, पण त्या वाचायला कंटाळवाण्या असतात. त्यापेक्षा एक सोपी दुरुस्ती लिहितो, जी मला दीड महिना जमली नाही. संपादकांनी कॉफी संपवली, कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि गेले.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांबरोबर इकडे आलं, असं वडील सांगत. घोडे गेले, आम्ही राहिलो. वडिलांनी बंगळूरच्या छावणीत साहेबांचे टांगे नीट ठेवले, मी कलासिपाळ्यात मोटारींची शेड घातली. पत्र्याचं छप्पर, जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात उतरायला तीन पायऱ्या. माझ्याखेरीज दोन मेकॅनिक होते आणि दोघेही माझ्यापेक्षा कमी बोलत. त्यामुळे शेडमध्ये बोलण्याचं काम माझ्याकडे होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

ज्यांनी मोटारीचं बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातली थोडीच चाकांपर्यंत पोचते. बाकीची इंजिनाच्या अंगात राहते. ती काढून घेतली नाही तर लोखंड फुगतं, आतले भाग एकमेकांना धरतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं. तापलेलं पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथल्या बारीक जाळीत वाऱ्याने निवतं आणि खालच्या नळीतून पुन्हा इंजिनाकडे येतं. इंजिनावर एक पंप असतो, तो हे पाणी ओढतो आणि फिरवतो. यात कुठेही अडलं की पाणी उकळतं, झाकणातून वाफ उडते आणि मालक ड्रायव्हरकडे बघतो.

अडण्याची कारणं कधीकधी सोपी असतात. एका कापड व्यापाऱ्याची गाडी दरवर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी उकळायची आणि चौथ्या दिवशी आपोआप बरी व्हायची. ते याला देवाचा कोप समजून तिसऱ्या दिवशी आणखी एक पूजा करत. मी जाऊन पाहिलं, तर गाडीच्या तोंडावर झेंडूचे पाच पदरी हार होते. वारा आत जायला जागाच नव्हती. हार काढले आणि गाडी निवली. व्यापाऱ्यांना ते फारसं आवडलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी हार चार पदरी केले.

डॉक्टर सुंदराबाईंच्या गाडीला हार नव्हते.

सुंदराबाईंचं घराणंही आमच्यासारखंच जुनं, घरी मराठी, बाहेर कन्नड. बसवनगुडीत त्यांचा बायकांचा दवाखाना होता. आठवड्यातून दोनदा त्या देवनहळ्ळीच्या बाजूच्या खेड्यांत जात, कारण तिकडे तेव्हा बाळंतपणाला डॉक्टर मिळत नसे. काळी विलायती चार दारांची गाडी होती, आणि ती चालवायला मुनियप्पा. मुनियप्पा अकरा वर्षं त्यांच्याकडे होता. शिडशिडीत माणूस, खाकी कोट, बोलणं थोडं. गाडी पुसताना तो चाकांच्या आतली बाजूसुद्धा पुसायचा. कुणी बघत नसे, तरी.

मी सांगतो आहे ती गोष्ट साठ सालाच्या दोन-तीन वर्षं आधीची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली. गावातसुद्धा उकळत होती. रेडिएटर काढला, त्याची अर्धी जाळी क्षाराने बुजलेली. साफ केला, दोन ठिकाणी गळत होता तिथे झाळून घेतला. वरची आणि खालची नळी जुनी होऊन चिरली होती, दोन्ही नवीन घातल्या. अर्धा तास इंजिन चालू ठेवून पाहिलं. उष्णतेचा काटा जिथे असायला हवा तिथे. गाडी दिली.

दहा दिवसांनी मुनियप्पा परत. शहराबाहेर, देवनहळ्ळीच्या रस्त्यावर, हेब्बाळच्या पुढे उकळली. मी पंप उघडला, त्याचं सील बदललं. शेडमध्ये अर्धा तास चालवली, शहराच्या बाजारपेठेतून एक फेरी मारली. काही नाही. गाडी दिली. आठवड्याने परत. त्याच रस्त्यावर यलहंकेच्या अलीकडे उकळली. या वेळी मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. हे मोठं काम. आतलं गॅस्केट बदललं, पाण्याचे मार्ग तार घालून साफ केले, हेड पुन्हा बसवलं. तीन दिवस गेले. अर्धा तास चालवली. बाजारपेठेतून फेरी. काही नाही.

चौथ्यांदा गाडी आली तेव्हा मला त्या गाडीचा राग यायला लागला होता. माणूस ज्या गोष्टीवर रागावू शकत नाही, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावर रागावतो. मुनियप्पा तिच्या शेजारी उभा होता.

तो कन्नडमध्ये म्हणाला, "रावअण्णा, स्वल्प ऐका. सावकाश नेली तर काही होत नाही. पळवली की काटा चढतो. बाजूला घेऊन थांबलो की पाचच मिनिटांत खाली येतो. पुन्हा पळवली की पुन्हा."

आज हे वाक्य लिहिताना मला दिसतं की, त्याने रोग सांगितला होता, रोगाची वेळ सांगितली होती आणि उतारही सांगितला होता. एवढं नेमकं मला आजवर फार कमी लोकांनी सांगितलं आहे.

मी म्हणालो, "मग पळवू नकोस."

शेडमध्ये सात-आठ माणसं होती. सगळी हसली. मुनियप्पाने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

त्याच दुपारी डॉक्टरबाई स्वतः आल्या. "गुंडोजीराव, चार वेळा झालं. गाडीत नक्की आहे तरी काय?"

मला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. माझ्या धंद्यात ते दोन शब्द लोक फार उशिरा शिकतात. मी म्हणालो, "बाई, गाडीत काही नाही. मी सगळी उघडून पाहिली आहे. ड्रायव्हर निघताना पाणी बघत नाही आणि चढावर गिअर बदलायचा आळस करतो. इंजिन काय करणार?"

हे मी सगळ्यांसमोर म्हणालो. मुनियप्पा तिथेच, चार हातांवर होता. तो म्हणाला, "अम्मा, पाणी मी रोज भरतो." डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसल्या. मी मेकॅनिक होतो, तो ड्रायव्हर होता. कुणाचं खरं मानायचं हे त्यांनी आमच्या हुद्द्यांवरून ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात देवनहळ्ळीच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक माणूस पहाटेच्या बसने दवाखान्यात आला. त्याची सून आदल्या दिवसापासून अडली होती. डॉक्टरबाई लगेच निघाल्या, त्याला सोबत घेऊन. हेब्बाळ ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "मुनियप्पा, जोरात घे." त्याने घेतली. यलहंकेच्या पुढे वाफ उडाली. थांबले, पाणी घातलं, निघाले. दोन मैलांवर पुन्हा. मुनियप्पा म्हणाला, "अम्मा, सावकाश नेली तर पोचू." त्या म्हणाल्या, "सावकाश जायला वेळ नाही." तिसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांनी गाडी सोडली, विटांच्या एका लॉरीला हात केला आणि त्या माणसाला घेऊन लॉरीच्या ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या. त्या पोचल्या तेव्हा दोन तासांचा उशीर झाला होता. सून वाचली. मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुनियप्पाला कामावरून काढलं. अकरा वर्षांत त्या त्याला कधी मोठ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पाणी बघायला मी तुला सांगायला हवं होतं का?"

गाडी यलहंकेच्या पुढे रस्त्याकडेला उभी होती. ती आणायला मी बसने गेलो. बरोबर अवजारांची पिशवी घेतली होती. खरं सांगतो, मी दुरुस्त करायला निघालो नव्हतो, सिद्ध करायला निघालो होतो. मनात होतं की, स्वतः पाणी भरायचं, स्वतः गिअर नीट टाकायचे आणि गाडी न उकळता बसवनगुडीत नेऊन उभी करायची, म्हणजे विषय संपला.

जवळच एक विहीर होती. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून बादली घेतली, रेडिएटर काठोकाठ भरला. तोंड शहराकडे वळवलं. मोकळा रस्ता, सकाळची वेळ. वेग तासाला पस्तीस मैल, चाळीस मैल. काटा चढायला लागला. मी चुकून दुसरंच काही बघत असेन म्हणून पुन्हा पाहिलं. तो चढतच होता. अर्ध्या मैलावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

गाडीत ड्रायव्हर म्हणून आता मीच होतो. पाणीही मीच भरलं होतं. दोष द्यायला दुसरं माणूस त्या रस्त्यावर नव्हतं.

गाडी बाजूला घेतली. पाच मिनिटांत काटा खाली आला. मुनियप्पाने सांगितलं होतं तसाच, पाचच मिनिटांत. मी तसाच मागे विहिरीपर्यंत आलो, सावकाश, आणि सावकाश आल्यामुळे काही झालं नाही. बॉनेट उघडलं. इंजिन संथ चालू होतं आणि सगळं ठीक दिसत होतं. शेडमध्ये दीड महिना हेच दिसलं होतं. मी नेहमी इंजिन संथ ठेवून समोर उभा राहायचो. जोरात करून पाहायचं असेल तेव्हा स्वतःच आत बसून पायाने क्षणभर दाबायचो आणि काटा बघायचो. जोरात चालू असताना समोर उभं राहून आत बघणं, हे मी एकदाही केलं नव्हतं. दोन मेकॅनिक हाताशी असताना.

विहिरीजवळून एक धोंडा उचलला. गिअर मोकळा ठेवला, हँडब्रेक ओढला आणि धोंडा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. इंजिन ओरडायला लागलं. मी धावत पुढे गेलो आणि वाकलो.

खालची नळी आत ओढली जाऊन चपटी झाली होती. पंप पाणी जोरात ओढत होता आणि त्या ओढीने मऊ रबराच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या. मी धोंडा काढला. नळी फुगून पुन्हा गोल झाली, जणू काही झालंच नाही.

म्हातारा येऊन शेजारी उभा राहिला होता. म्हणाला, "काय बघतोस?"

"नळी."

"तिला काय झालं?"

"पळवली की चपटी होते."

"मग पाणी कुठून जाणार?" म्हातारा म्हणाला. तो आयुष्यात मोटारीत बसला नव्हता.

तेव्हा मला माझंच बोट आठवलं. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी जुनी खालची नळी काढली, तेव्हा तिच्यात तारेचं वेटोळं होतं, लांब स्प्रिंगसारखं, गंजून तुकडे झालेलं. मी बोट घालून ते ओढून काढलं आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. नव्या नळीत वेटोळं आलं नव्हतं. मला वाटलं, जुन्या कारागिरांची हौस असेल. नळी पंपाच्या ओढीने मिटू नये म्हणून ते वेटोळं असतं. गाडीचा पहिला आजार मी बरा केला होता आणि दुसरा मीच तिला दिला होता. त्यानंतरच्या दोन दुरुस्त्या मी माझ्याच चुकीभोवती हिंडून केल्या.

म्हाताऱ्याने कुंपणाची थोडी तार दिली. जॅकच्या दांड्याभोवती गुंडाळून वेटोळं केलं, नळी काढून आत सरकवलं, पाणी पुन्हा भरलं. बसवनगुडीपर्यंत जमेल तिथे चाळीस मैलांनी आलो. काटा हलला नाही. इतकी नीट दुरुस्त झालेली गाडी चालवताना इतकं वाईट मला पुन्हा कधी वाटलं नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय होतं?"

मी म्हणालो, "एक नळी मऊ पडली होती."

हे खोटं नव्हतं. पण यात नळी कुणी घातली आणि तिच्यातलं काय फेकलं, हे नव्हतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी घरी गेलो. चार दिवस मी कुणाला काही बोललो नाही. या चार दिवसांचं मी काही समर्थन करणार नाही. जेवत होतो, झोपत होतो, शेड उघडत होतो.

पाचव्या दिवशी लॉरी स्टँडजवळून जाताना मुनियप्पा दिसला. तोच खाकी कोट. एका लॉरीमालकापुढे उभा होता. मालक नाही म्हणून मान हलवत होता. मुनियप्पा पुढे गेल्यावर मी मालकाला विचारलं, काय म्हणत होता? मालक म्हणाला, "काम मागतोय. पण हा तोच ना, ज्याने पाणी न भरल्यामुळे डॉक्टरम्मांची गाडी उकळली आणि बाळ गेलं? तुमच्याच शेडमध्ये ठरलं म्हणे."

मी तिथून सरळ दवाखान्यात गेलो. बायका रांगेत बसल्या होत्या. मी शेवटी बसलो. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुंडोजीराव, इथे?"

मी सगळं सांगितलं. वेटोळं, बोट, भंगाराचा डबा. मुनियप्पा काय म्हणाला होता आणि मी काय म्हणालो होतो. त्या ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "ती तार केवढी होती?"

मी बोटांत अंतर धरून दाखवलं. विणायच्या सुईएवढी जाड.

मग मी जे विचारू नये ते विचारलं. "बाई, तुम्ही वेळेवर पोचला असतात तर बाळ..."

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवसापासून अडली होती. कदाचित आधीच उशीर झाला असेल. कदाचित नसेलही. हे कुणालाही कळणार नाही, आणि न कळताच आपण दोघांनी ते मनाशी बाळगायचं. पुन्हा विचारू नका." त्या उठल्या. नर्सला म्हणाल्या, तासाभरात येते. मला म्हणाल्या, "तुम्ही बोललात, पण काढलं मी त्याला. चला."

लॉरी स्टँडच्या समोर ड्रायव्हर लोकांचं एक हॉटेल होतं. मुनियप्पा कोपऱ्यात बसला होता. डॉक्टरबाई आत आल्या तसे सगळे उठून उभे राहिले. अशा हॉटेलात त्या पहिल्यांदाच आल्या असाव्यात. त्या त्याच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "मुनियप्पा, चूक तुझी नव्हती. मी तुझं ऐकायला हवं होतं. परत ये."

मुनियप्पाने त्यांच्यासाठी बाक पुसला. "अम्मा, तुम्ही बसा." मग माझ्याकडे वळला. "रावअण्णा, त्या दिवशी शेडमध्ये किती माणसं होती?"

"सात-आठ."

"इथे वीस आहेत. सांगा."

मी सांगितलं. उभं राहून, कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाणी तो रोज भरत होता. गिअर तो नीट टाकत होता. त्याने मला आजार अचूक सांगितला आणि मी त्याची थट्टा केली. नळीतलं वेटोळं मी फेकलं, ते नसल्यामुळे गाडी उकळली. मग मागून एका ड्रायव्हरने विचारलं, "अहो, मग बाकी दोन वेळा तुम्ही काय दुरुस्त केलं?"

"जे बिघडलं नव्हतं ते," मी म्हणालो.

हॉटेल हसलं. मुनियप्पा हसला नाही. त्याने मान एकदा डोलावली, कोटाचं बटण लावलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, "चला अम्मा, रांगेत बायका थांबल्या असतील."

तो पुन्हा कामावर गेला, आणि डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद करेपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पण ती गाडी माझ्या शेडमध्ये परत आली नाही. तो ती बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या एका शेडमध्ये नेत असे. बाईंनी त्याला अडवलं नाही, मीही कधी विचारलं नाही. कलासिपाळ्यातून जाताना तो कधी माझ्याकडे बघायचा, कधी नाही. मला धंदा बसेल अशी भीती होती. धंदा बसला नाही, वाढलाही नाही. लोकांना गाडी दुरुस्त व्हायला हवी असते, मेकॅनिकचा स्वभाव त्यांना नको असतो.

सात-आठ वर्षांनी एक टॅक्सीवाला आला. चेहरा घामेजलेला, गाडी उकळलेली. मालक म्हणतो चूक त्याची आहे आणि उद्यापासून येऊ नको. दोन शेडमध्ये जाऊन आला होता, दोघांनीही रेडिएटर बदला म्हणून सांगितलं होतं.

मी विचारलं, "माझ्याकडे कुणी पाठवलं?"

"डॉक्टरम्मांच्या मुनियप्पांनी. म्हणाले, रावअण्णाकडे जा. तू बोल, तो ऐकून घेईल. एकदा त्याने ऐकलं नव्हतं."

मी बॉनेटला हात लावला नाही. दोन स्टुलं ओढली, एकावर त्याला बसवलं, एकावर मी बसलो आणि म्हणालो, "सांग."

त्याने मालकाच्या लग्नापासून सुरुवात केली. मी मध्ये बोललो नाही.